शिवलेल्या पापण्या

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी दोन वर्षं वाचते आहे. पिंपळाखालची बाई, रस्त्यात हात करणारा माणूस, बंद घरातून येणारा बांगड्यांचा आवाज... वाचून हसू येतं, खोटं कशाला बोलू? मी चौतीस वर्षं नर्सिंग केलं. माझ्या हातावर माणसं गेली. मी त्यांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली आणि खाली जाऊन डबा खाल्ला. त्यातलं एकही परत आलं नाही. शिवाय आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, वडील शाळामास्तर. घरात भुताचं नाव काढलं तरी छडी मिळायची. तेव्हा मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही, हे आधी लक्षात घ्या आणि मग पुढचं वाचा.

ही गोष्ट भुताची नाहीच. जिची आहे ती जिवंत होती, माझ्यासमोर कॉटवर बसून पेज पीत होती.

साल त्र्याहत्तर, दुष्काळाचे दिवस. नगरमधल्या एका हॉस्पिटलात — नाव लिहीत नाही — मी बायकांच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते. वय चोवीस. बारा कॉटांचा लांबट वॉर्ड, टोकाला ड्रेसिंगची खोली, तिच्या दारालगत सात नंबरची कॉट. दर पंधरा दिवसांनी शनिवारी पुण्याहून एक प्लास्टिक सर्जन यायचे. हा शब्द तेव्हा आम्हालाच नवा होता, तर पेशंटांचं काय! प्लास्टिकचं कातडं लावतात असंच लोकांना वाटायचं. भाजून आखडलेले हात, चिकटलेल्या माना, फाटलेले ओठ असं सगळं ते दुरुस्त करायचे.

केसर त्यांच्याकडे आली ती जामखेडच्या पुढच्या एका खेड्यातून. बावीस-तेवीस वर्षांची. नवऱ्याची पिठाची गिरणी होती. गिरणीचं जुनं इंजिन सुरू करायच्या आधी रॉकेलच्या बत्तीने तापवावं लागायचं. आठ महिन्यांपूर्वी ती बत्ती तिच्या तोंडासमोर भडकली. तिने गच्च डोळे मिटले म्हणून डोळे वाचले आणि पापण्या जळाल्या. जखमा भरल्या, पण भरताना कातडी आखडली. वरच्या पापण्या भुवयांकडे ओढल्या गेल्या, खालच्या बाहेर उलटल्या. डोळे मिटायचेच बंद झाले. आठ महिने! झोपेतसुद्धा उघडे. ओलं फडकं टाकून झोपायची बिचारी. बुबुळं कोरडी पडत चालली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर नजर गेली असती.

तिच्याबरोबर नवरा आला होता. बबनराव. अंगावर स्वच्छ धोतर, बोलणं नम्र. सही केली, सगळं विचारून घेतलं. "डोळं किती दिस झाकून ऱ्हातील?" हे त्याने दोनदा विचारलं. मला वाटलं, काळजी आहे. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला आणि सोबतीला केसरची आई राहिली. घरी नवऱ्याच्या भाकरीला केसरची धाकटी बहीण, अंजी, आणून ठेवली होती. सोळा वर्षांची.

शनिवारी ऑपरेशन झालं. मी थिएटरला होते. डॉक्टरांनी आखडलेली कातडी सोडवली, वरच्या दोन्ही पापण्यांना नवीन कातडी लावली. ती कानामागून घ्यायची ठरली होती, पण दुसऱ्या पापणीला कमी पडली. म्हणून आयत्या वेळी डाव्या दंडाच्या आतल्या बाजूने घेतली आणि दंडाला पट्टी बांधली. नवीन कातडी पुन्हा आखडू नये म्हणून वरची पापणी खालच्या पापणीला शिवून टाकतात. दोन्ही डोळे तसे शिवले, वर कापूस, वर घट्ट बँडेज. पंधरा दिवस. खालच्या पापण्यांचं ऑपरेशन तीन महिन्यांनी करायचं होतं.

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. आठ महिन्यांची झोप बाकी होती तिची.

मंगळवारी सकाळी मी शेजारच्या कॉटवर ड्रेसिंग करत होते. आई तिला चमच्याने पेज भरवत होती. केसर मध्येच म्हणाली, "आये, अंजी माझं हिरवं लुगडं का नेसलीया?"

आईचा चमचा हवेतच थांबला. पेज चादरीवर सांडली.

"कुठली अंजी? ती तिकडं गावाला हाय न्हवं?"

"गावालाच हाय. चुलीपुढं बसलीया. माझ्या पेटीतलं लुगडं हाय त्ये."

मी हसून म्हटलं, "केसर, स्वप्न पडलं तुला. भुलीच्या औषधाने पडतात."

"जागी हाय मी, शिश्टर," ती म्हणाली. "डोळं उघडं हुते तवा समोरचंच दिसायचं. आता घर दिसतंय."

"ऐकू पण येतं?"

"न्हाई. तोंडं हालत्यात नुस्ती."

मी मेट्रनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळे बांधले की पेशंटला असं होतं, लक्ष देऊ नकोस. ते खरंही आहे. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या बायका दोन दिवसांत घोडे बघतात, बैल बघतात. मी लक्ष दिलं नाही.

बुधवारी ती सांगू लागली की गिरणी बंद आहे. दारात माणसं मेढी रोवताहेत. आंब्याचा टहाळा कुठे मिळाला नाही म्हणून मांडवाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधताहेत. ती हे सगळं शांतपणे सांगत होती, खिडकीतून पाहून सांगावं तसं. शेजारच्या कॉटवरच्या बायका सुरुवातीला गमतीने ऐकत होत्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

दुपारी तिने मला हाक मारली. आई तेव्हा धुणं धुवायला गेली होती. केसरने चाचपडत माझा हात धरला.

"शिश्टर, एक कार्ड लिवा. माझा मामा मिरजगावला असतो. त्याला लिवा, कार्ड मिळताच नीघ आन माझ्या घरी जा. त्ये अंजीला हळद लावत्यात. मामाचा शब्द आये मोडत न्हाई. त्यो आला तर थांबंल."

"कुणाशी लग्न लावताहेत अंजीचं?"

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, "मांडव माझ्याच दारात हाय न्हवं?"

मी ड्रेसिंगच्या खोलीत बसून कार्ड लिहिलं. तिने सांगितलं तसं, शब्दाला शब्द. आणि मग आईला बाहेर व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "मावशी, खरं सांगा. घरी लग्न आहे का कुणाचं?"

त्या बाईने गळ्याला हात लावला. "देवाशपथ न्हाई, शिश्टर. लेकराचं डोकं फिरलंया. तुमी आसलं कायतरी लिवून धाडू नका, माझ्या भावाचा सोभाव लई तापट. उगं कुणाची तरी डोकी फुटतील."

आता तुम्ही सांगा, मी कुणाचं ऐकायला हवं होतं? डोळे शिवलेल्या, तीन दिवस औषधाच्या गुंगीत असलेल्या मुलीचं, की शपथ घेणाऱ्या आईचं? मी शिकलेली नर्स होते. मी आईचं ऐकलं. कार्ड ड्रेसिंगच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये, कात्र्यांच्या ट्रेखाली ठेवलं. केसरला सांगितलं, टाकलं.

त्यानंतर ती दोन दिवस सारखी विचारायची, "मामा दिसंना अजून. कार्ड पोचलं आसंल का?" मी म्हणायचे, पोचेल. शनिवारी तिने विचारणं बंद केलं.

रविवारी सकाळी मी ड्युटीवर होते. प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती, म्हणजे साडेदहा-अकराचा सुमार. केसर एकदम ताठ उठून बसली. मी तिच्या दंडाची पट्टी बदलायला ट्रॉली घेऊन आले होते. ती बोलायला लागली, कुणाशी म्हणून नाही.

"उभं केलं दोघांना... अंतरपाट म्हून माझी निळ्या पट्ट्याची चादर धरलीया. तिला जळकं भोक हाय, त्या दिवशी बत्तीनं पडलेलं. तसंच धरलंया... अंजे, वर बघ की. मी हितं हाय. ह्या मेढीपाशी."

आणि तिने डावा हात उचलून पुढे केला. माणूस गर्दीत ओळखीच्याला हात करतो तसा. दंडाची पट्टी अर्धी सुटून लोंबत होती.

"बघितलं तिनं," ती म्हणाली. "रडू नगं गं. रडू नगं."

आई उठली, तोंडाला पदर लावला आणि भराभर बाहेर चालती झाली. वॉर्डातल्या अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या, आता शिश्टर काय करते म्हणून. शिश्टरने काय केलं? डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं झोपेचं इंजेक्शन भरलं आणि दिलं. मला तेव्हा तेवढंच येत होतं.

त्यानंतर सहा दिवस केसर फारसं बोलली नाही. दिलं ते खाल्लं, सांगितलं तशी कुशीवर झाली. दिसतं का अजून, असं मी एकदा विचारलं. "दिसतं," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढच्या शनिवारी डॉक्टर टाके काढायला आले. त्याच सकाळी बबनराव आला. मागे अंजी. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, गळ्यात काळे मणी. ती वॉर्डच्या दाराशीच थबकली, आत येईना. मी पुढे झाले. मुलगी हडकुळी, डोळे सुजलेले. मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं —

"शिश्टर, आक्काच्या दंडाला काय झालंय?"

"कुठल्या दंडाला?"

"डाव्या. पट्टी बांधलीया न्हवं?"

वॉर्डात पडदा होता. केसर त्याच्यामागे, शाल पांघरून. दारातून ती दिसत नव्हती. आणि दंडाची कातडी काढली हे बबनरावाला ठाऊक नव्हतं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा तो गावी पोहोचलाही असेल. आई त्या दिवसापासून हॉस्पिटलची पायरी उतरली नव्हती, तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि गावाकडून मधल्या काळात कुणीही आलं नव्हतं. हे मी नंतर वॉचमनपासून सगळ्यांना विचारून खात्री करून घेतलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मी बघितलं. आक्का आल्ती लग्नाला. मेढीपाशी उभी हुती. डोळ्याला पांढरं बांधलेलं, आन हात वर केला तर दंडाची पट्टी लोंबत हुती. मी रडाया लागले, तर समदी म्हनली पोरगी सासरला निघाली म्हून रडतीया." ती मुसमुसायला लागली. "सासर कुठलं वो... घर तेच, चूल तीच."

मी अंतरपाटाचं विचारलं. निळ्या पट्ट्यांची चादर. भोक होतं. मांडवावर लिंबाच्या डहाळ्या. सगळं तसंच.

मी घाबरले, हे खरं. पण भीतीच्याही आधी ड्रॉवरमधलं कार्ड आठवलं मला.

बबनराव व्हरांड्यात बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बायको इथे डोळे बांधून पडलेली असताना तुम्ही हे केलंत?"

तो उठून उभा राहिला, हात जोडले. चिडला नाही, काही नाही. "मी तिला टाकत न्हाई, शिश्टर. दोघी ऱ्हातील. हिच्या आईच्या घरात दाना न्हाई, रेशनची लाल मिलो जवारी शिजवून खात्यात. थोरलीला मूलबाळ न्हाई. आईनंच म्हनलं, धाकटीला बी पदरात घ्या."

"मग तिच्या माघारी कशाला? तिला सांगून करायचं."

"तिच्या डोळ्यांदेखत कसं करनार?" तो म्हणाला. "आठ म्हैनं डोळं मिटलं न्हाईत तिनं. झोपली तरी बघतीच. तसल्या नजरेपुढं मानसाला घास गिळत न्हाई, लगीन कुठनं करता? म्हनलं, एकदा डोळं झाकू द्यात, मग उरकू."

इतकं सरळ बोलला तो. नगरचं हॉस्पिटल, पुण्याचे डॉक्टर, ही सगळी धडपड त्या गावाने कौतुकाने पाहिली असेल. बायकोसाठी किती करतोय बघा!

आत डॉक्टरांनी टाके काढले. मी चिमटा-कात्री धरून उभी होते. पापण्या सुटल्या, उजेड आत गेला, केसरने दोन्ही हातांनी कॉटची कड धरली. डॉक्टर म्हणाले, "आता मीट." तिने मिटले. पूर्ण मिटले. "उघड." उघडले. डॉक्टर मुलासारखे खूश झाले, दोन-तीनदा मिटायला लावलं. सुंदर काम झालं होतं, ते नाकारता येणार नाही.

केसरने आधी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग अंजी दिसली तिला, गळ्यातल्या मण्यांसकट.

"जेवून निघालीस का?" केसरने विचारलं.

अंजी तिच्या मांडीवर पडून हमसून रडली. केसर तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शिश्टर, कार्ड टाकलं हुतं न्हवं?"

"टाकलं होतं," मी म्हणाले. "पोचलं नसेल."

ड्युटी संपल्यावर मी ड्रॉवरमधलं कार्ड काढलं आणि पोस्टात टाकलं. नवीन लिहायची हिंमत झाली नाही. काय लिहिणार होते?

मामा मंगळवारी आला. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस, हातात काठी आणि कार्ड. वॉर्डात शिरला तोच मोठ्याने बोलत, "काल कार्ड मिळालं आन तसाच निघालो. मांडव कुठं हाय, हळद कुठं हाय? घरी जाऊन आलो, तिथं समदं उरकलेलं! शिक्का बघा ह्यो, शनवारचा. आदल्या आठवड्यात कळलं असतं तर तंगडं मोडलं असतं एकेकाचं."

मी तिथेच होते, थर्मामीटर झटकत. केसरने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि मी वॉर्डातून जाईपर्यंत उघडले नाहीत.

ती मामाबरोबर मिरजगावला गेली. बबनराव अंजीला घेऊन शनिवारीच परत गेला होता; बुधवारी न्यायला आला तर कॉट रिकामी. आईही तोवर निघून गेली होती, अंजीकडे की स्वतःच्या घरी, माहीत नाही.

मी डॉक्टरांना पुढच्या खेपेला सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, डोळे बांधल्यावर मेंदू चित्रं तयार करतो. घरात काय शिजतंय याचा अंदाज बायकांना आधीच असतो. चादरही तिच्या घरातलीच. ठीक आहे, तेवढं मी मान्य करते. मग अंजीला पट्टी कशी दिसली? यावर ते केसपेपर बाजूला सारत म्हणाले, "सिस्टर, नेक्स्ट पेशंट पाठवा."

तीन महिन्यांनी केसर खालच्या पापण्यांसाठी आली. मामाने आणलं होतं. त्या अजून उलटलेल्या होत्या, त्यामुळे डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. मिरजगावात सगळ्यांना वाटायचं, नवऱ्याने दुसरी केली म्हणून बाई रात्रंदिवस रडते. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की सोपं ऑपरेशन आहे, पुन्हा पंधरा दिवस डोळे शिवून ठेवावे लागतील.

"नगं," केसर म्हणाली.

डॉक्टरांनी समजावलं, मामाने समजावलं, रागावला. ती ढिम्म. मग सगळे मला म्हणाले, तू बोल तिच्याशी, तुझं ऐकेल. कुणाला काय माहीत होतं!

मी तिला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ती पदराने टिपत होती. चेहरा अगदी शांत. मी म्हटलं, "पुन्हा तसलं काही दिसेल म्हणून घाबरतेस का? प्रत्येक वेळी नाही दिसत. आणि दिसलं तरी..."

"दिसंल म्हून न्हाई, शिश्टर," ती म्हणाली. "दिसल्यावर सांगू कुनाला?"

तिने पदर नीट केला, उठली आणि मामाला म्हणाली, चल. केसपेपरवर डॉक्टरांनी 'पेशंट तयार नाही' असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

नंतर मी खूप वाचलं, खूप जणांना विचारलं. फादरना विचारलं, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना विचारलं. या सदराचे वाचकही आता काहीतरी सुचवतीलच — सुचवा. पन्नासेक मैलांवरचा मांडव तिला कसा दिसला, आणि मांडवातल्या मुलीला ती कशी दिसली, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. होईल असंही वाटत नाही. केसर पुन्हा कधी हॉस्पिटलला आली नाही. मिरजगावहून येणाऱ्या पेशंटांना मी काही वर्षं तिच्याबद्दल विचारायचे. ते म्हणायचे, हाय की, ती रडकी बाई व्हय? बरी हाय. मग मी विचारणं सोडून दिलं.